टाचणीचा पंचनामा

एका सकाळी काकासाहेब माझ्या दुकानात आले, काउंटरवर दोन्ही हात टेकले आणि विचारलं, "बेटा, तू टाचणी पाहिली आहेस?"

नई सडकेवर तेव्हा माझं फोटोकॉपीचं दुकान होतं. टाचण्या, गोंद, फायली, सगळं मी ठेवायची. ड्रॉवरमधून डबी काढून त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी एक टाचणी उचलली, उजेडाकडे धरून उलटसुलट पाहिली आणि फार वाईट वाटल्यासारखा चेहरा करून परत ठेवली.

"ही नाही. उडणारी."

मी डबी बंद केली. गाळा त्यांचा होता, त्यामुळे 'आज बरं वाटत नाही का?' असं विचारायची सोय नव्हती.

मग त्यांनी उभ्या उभ्या मला समजावलं. तळ्याकाठी उडणाऱ्या ज्या किड्याला सगळं ग्वाल्हेर हेलिकॉप्टर म्हणतं, तो एक नाही. दोन वेगळी घराणी आहेत. धट्टाकट्टा असतो तो चतुर. बसला तरी पंख पसरूनच बसणार, लग्नात अख्खा सोफा अडवून बसलेल्या व्याह्यासारखा. आणि सुईसारखी बारीक, पंख पाठीवर मिटून बसते ती टाचणी. ही नावं त्यांना पुण्याच्या भाच्याने फोनवर सांगितली होती. "आणि डोळे बघायचे," ते म्हणाले. "चतुराचे एकमेकांना चिकटलेले. टाचणीचे दोन टोकांना, तराजूच्या पारड्यांसारखे."

त्यांच्या बोलण्यात तराजू यायचाच. सगळी नोकरी नापतोल खात्यात गेलेली. दुकानांचे काटे तपासायचे, वजनं तपासायची, मापं तपासायची. घराणं मुळात शिपाईगिरीचं. त्याबद्दल ते सांगायचे, "पणजोबा घोड्यावर होते, आजोबा पायी, वडील खुर्चीवर आणि मी तराजूवर. पुढचा कशावर बसेल, देवाला माहीत." निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी ते सडकेवरून निघाले की ड्रायफ्रूटवाल्याचा हात पारड्यावरून आपोआप मागे जायचा. मिठाईवाला तर त्यांना पाहून डब्याचं वजन वजा करून दाखवायचा, त्यांनी काही विकत घेतलेलं नसलं तरी.

थाटीपुरच्या घरात त्यांचा हा कारभार काकीसाहेब सांभाळायच्या. चहाचा कप हातात घेऊन काकासाहेब म्हणायचे, "शंभर मिलीच्या कपात नव्वद आहे." काकीसाहेब पोळी लाटता लाटताच उत्तर द्यायच्या, "शंभरच होता. तुम्ही भाषण देत होता, तेवढ्यात दहाची वाफ झाली."

चतुरांचं वेड लागलं ते डॉक्टरमुळे. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, म्हणून काकासाहेब शहराबाहेरच्या एका तळ्यापर्यंत चालत गेले. तिथे एक लालभडक चतुर येऊन त्यांच्या काठीच्या टोकावर बसला. त्यांनी म्हशी धुणाऱ्या माणसाला विचारलं, हे काय आहे?

"हेलीकॉप्टर है, दद्दा।"

"आणि तो हिरवा?"

"वो भी हेलीकॉप्टर।"

"आणि ती निळी, बारीक?"

माणसाने जरा विचार केला. "छोटो हेलीकॉप्टर।"

काकासाहेब हादरले. हे ते मला दहा वेळा तरी सांगत असतील, आणि प्रत्येक वेळी तितकेच हादरलेले असायचे. "आपल्या हद्दीत एवढा माल मोकळा फिरून राहिला आहे, आणि कशाचीच नोंद नाही!"

नोंद करायची म्हणजे कशी, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. आयुष्यभर एकाच प्रकारे केली होती. त्यांनी छापील पंचनाम्याचा एक मसुदा तयार केला आणि माझ्याकडून त्याच्या शंभर प्रती काढून घेतल्या. जलाशयाचे नाव. वेळ. हवा. रंग. पंख उघडे की मिटलेले. दोन साक्षीदारांच्या सह्या. आणि सगळ्यात खाली, छापूनच घेतलेलं, कारण त्यात कधी बदल होणार नव्हता: 'समज देऊन सोडून दिले.'

ते कुठलाही किडा पकडत नसत, जाळी बाळगत नसत. फक्त बघायचे. पण एकट्याने बघितलेलं त्यांना मान्य नव्हतं. "आपल्या डोळ्याने पाहिलं ते अर्धं," ते म्हणायचे, "दुसऱ्याच्या डोळ्याने पाहिलं की पूर्ण." पहिली साक्षीदार मी. रविवारी दुकान बंद असायचं, मी जयेंद्रगंजच्या घरी लोळत असायची, आणि खाली स्कूटरचा हॉर्न वाजायचा. आई गॅलरीतून म्हणायची, "जा बाई, गाळ्याचे मालक आले." दुसरा साक्षीदार जागेवर जो मिळेल तो. त्यात आम्हाला शिंगाडेवाला मिळाला, सायकलचं पंक्चर काढणारा मिळाला, एकदा तिघऱ्याच्या धरणावर फोटो काढून घ्यायला आलेलं नवीन लग्नाचं जोडपं मिळालं. नवरदेव शेरवानीत गुडघ्यावर बसून एका टाचणीकडे पाच मिनिटं पाहत होता आणि नवरी ओरडत होती, "साइन कर दो ना, यार! धूप जा रही है!"

"ऐसे कैसे कर दें," नवरदेव म्हणाला. "अंकल पूछ रहे हैं पूँछ पे नीला कितना है।"

काकासाहेबांनी त्याला तिथल्या तिथे आशीर्वाद दिला.

किड्यांची नावं ते स्वतःच ठेवायचे. दुसऱ्या चतुरांना पकडून खाणारा हिरव्या-काळ्या पट्ट्यांचा, तो थानेदार. पावसाच्या वाऱ्याबरोबर झुंडीने येणारे, कुठून आले कोणाला माहीत नाही, खाऊनपिऊन निघून जाणारे, ते बाराती. किल्ल्याच्या दगडाच्याच रंगाचा, भिंतीवर बसला की सापडत नाही, तो फरारी. गुलाबी तो गुलकंद, लाल तो टमाटर, पिवळट तपकिरी तो बेसन. टाचण्यांना जुनी वजनं दिली होती: तोळा, मासा, आणि सगळ्यात लहान, तीन तांदूळ ओळीत ठेवावेत एवढी, ती रत्ती. फक्त एका टाचणीचे पाय हळदीसारखे पिवळे होते, म्हणून तिचं नाव नवरी.

आमच्याकडे पाऊस येतो तेव्हा येतो, बाकी वर्षभर पाण्याची हजेरी कमीच. मे महिन्यात निम्मी तळी सुकतात आणि त्यात क्रिकेट सुरू होतं. तरी काकासाहेबांची फेरी चुकत नसे. भेगाळलेल्या तळ्याच्या मधोमध उभे राहून ते मला लिहायला सांगायचे, "जलाशय गैरहजर." मग तिथून आम्ही जायचो गटाराच्या काठाला, खदानीच्या डबक्याला, शेतातल्या गळक्या टाकीला, जिथे म्हणून बादलीभर पाणी शिल्लक असेल तिथे कोणी ना कोणी चतुर हद्द राखून बसलेला असायचा. काकासाहेब त्याला पाहून फार हळवे व्हायचे. "बघ बेटा, एवढ्याशा पाण्यावर ड्यूटी करतो आहे. ना पंखा, ना खुर्ची."

दोन वर्षांत पंचनामे शिवून शिवून रजिस्टर जाडजूड झालं. आणि कसं कोण जाणे, त्याची गोष्ट कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका मॅडमपर्यंत पोचली. त्या आमच्या भागातल्या तळ्यांवरच्या चतुर-टाचण्यांची यादी तयार करत होत्या. त्यांनी काकासाहेबांना फोन केला: तुमच्या नोंदी बघायला येऊ का? पक्क्या असतील तर यादीत घेईन, तुमच्या नावासकट.

काकासाहेबांनी फोन ठेवला आणि लगेच कपड्यांना इस्त्री करायला घेतली. मॅडम येणार होत्या पुढच्या रविवारी.

मधल्या दिवसांत त्यांनी ठरवलं की एक शेवटची खदान तपासायची राहिली आहे. शहराबाहेर दगड काढून काढून खोल खड्डा झालेला, पावसाचं पाणी साचलेलं, काठाला झुडपं. आम्ही तीन तास उन्हात फिरलो. काही नवीन नव्हतं. मला भूक लागली होती, सलवारीला गोखरू चिकटले होते, आणि मी वाकून एक एक गोखरू काढत बसले होते. तेवढ्यात काकासाहेबांचा दबका आवाज आला.

"बेटा! पांढरी! सगळीच्या सगळी पांढरी टाचणी!"

मी मान वर करेपर्यंत झुडपात काही नव्हतं. काकासाहेब माझ्याकडे वळले. साठी उलटलेल्या माणसाचा चेहरा इतका खूश झालेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

"पाहिलीस ना?"

शेळ्या चारणारी एक बाई बाजूलाच उभी होती. तिने खरंच पाहिली होती. "हओ, देखी," ती म्हणाली. "धौरी हती।" म्हणजे पांढरी. तिने अंगठा दिला. राहिली माझी सही. मी नाही म्हटलं असतं तर आम्ही ती टाचणी परत येईपर्यंत तिथेच थांबलो असतो. आणि तो चेहरा.

"हो काकासाहेब," मी म्हणाले, आणि सही केली.

रविवारी थाटीपुरच्या घरी मॅडम आल्या. काकीसाहेबांनी श्रीखंड-पुरीचा बेत केला होता. काकासाहेब इस्त्रीच्या शर्टात रजिस्टर मॅडमपुढे ठेवून बसले होते, आणि मॅडम पानं उलटताना खरोखर चकित झाल्या होत्या. उन्हाळ्यात कुठल्या डबक्यावर कोण टिकून राहतं, ही माहिती कोणाकडेच नाही, असं त्या म्हणाल्या. काकासाहेब आनंदाने नुसते पुऱ्यांकडे बघत होते. मग मॅडम शेवटच्या पानावर आल्या, पांढऱ्या टाचणीवर. त्यांना फारच रस वाटला. माझ्याकडे वळून त्यांनी सहज विचारलं, "आपने भी देखी थी? कैसे बैठी थी?"

मी तोंडाला येईल ते बोलले.

"पंख खोलके।"

काकासाहेबांनी वाटी खाली ठेवली.

"टाचणी," ते हळूच म्हणाले, "पंख उघडून बसली होती?"

मी पुरीचा एक तुकडा मोडला.

"बेटा, तू पाहिली होतीस का?"

"नाही, काकासाहेब."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते उठले, कपाटातून लाल पेन्सिल आणली आणि त्या नोंदीवर पट्टीने सरळ रेघ मारली. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी पान उलटलं आणि आधीच्या नोंदीवरही रेघ मारली. मग त्याच्या आधीच्या. मॅडमनी त्यांचा हात धरला. "अंकल, ये क्या कर रहे हैं? बाकी तो सब सही है!"

"मॅडम," काकासाहेब म्हणाले, मराठीतच, कारण अशा वेळी त्यांना हिंदी सुचायची नाही. "काटा एकदा खोटा निघाला की त्याच्यावर तोललेला सगळा माल परत तोलावा लागतो. सगळीकडे हिची सही आहे."

दोन वर्षांचं रजिस्टर त्यांनी पंधरा मिनिटांत रद्द केलं. मॅडम हताश होऊन बघत राहिल्या. जाता जाता त्यांनी धीर द्यायला म्हणून सांगितलं की ती पांढरी टाचणी बहुधा वेगळी जात नव्हतीच. पिवळ्या पायांच्या त्या टाचणीचं पोर पाण्यातून बाहेर पडलं की थोडे दिवस असं पांढरंच असतं.

"नवरीचं पोर?" काकीसाहेब स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "रजिस्टरमध्ये लग्न कधी लागलं?"

"आणि आंटी," मॅडम संकोचाने म्हणाल्या, "पीले पैर वाली नवरी नहीं है। वो नर है।"

त्या दिवशी काकासाहेबांना आणखी धक्का सोसला नसता, म्हणून काकीसाहेब घाईघाईने पुऱ्या घेऊन बाहेर आल्या. मी ताटातली पुरी नुसती कुस्करत होते. काकीसाहेबांनी माझ्या ताटात आणखी दोन टाकल्या. "खोटं बोललीस तरी जेवावं तर लागतंच," त्या म्हणाल्या.

मंगळवारी काकासाहेब दुकानात आले. मसुदा काउंटरवर ठेवला आणि माझ्या डोक्यावरच्या पंख्याकडे बघत म्हणाले, "आपण याच्या दोनशे प्रती काढून द्याव्यात."

आपण! मी पाच वर्षांची असल्यासारखं मला बेटा म्हणणारा माणूस. मी मशीनकडे तोंड करून उभी राहिले, आणि दोनशे प्रती निघेपर्यंत वळले नाही. त्यांनी प्रत्येक प्रतीचा समास पट्टीने मोजला.

त्याच रात्री जेवणं झाल्यावर काकीसाहेबांचा फोन आला. "अगं, खोटं तू बोललीस आणि शिक्षा मला झाली! हे मला साक्षीदार करून राहिले आहेत."

त्यांनी पुष्कळ नाही म्हटलं, पण उपाय नव्हता. दुसऱ्या रविवारपासून स्कूटरच्या मागच्या सीटवर उशी ठेवून, पिशवीत थर्मास आणि भाजलेले शेंगदाणे घेऊन काकीसाहेब निघू लागल्या. आणि चार रविवारांत काकासाहेबांच्या लक्षात आलं की त्यांच्या हाताखाली आजवर साक्षीदार असा कोणी नव्हताच. मी दोन वर्षं फक्त हो म्हणत आले होते. काकीसाहेबांनी जन्मभर तांदूळ निवडले होते. त्यांच्या डोळ्यांतून खडा सुटत नव्हता आणि तोंडातून नाही हा शब्द सहज निघायचा.

"लाल नाही हा. विटकरी."

"लालच आहे."

"मग तुम्हीच सही करा दोन वेळा."

पुढे एका तळ्यावर तर कहरच झाला. काकासाहेब टमाटरचा पंचनामा लिहून बेसनचा लिहायला लागले होते. काकीसाहेब म्हणाल्या, "अहो, एकाच कागदावर लिहा. टमाटर आणि बेसन एकाच घरचे आहेत."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? बघा ना, कसे जोडीने उडून राहिले आहेत."

काकासाहेबांनी बघितलं, घाईघाईने पाठ फिरवली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'खाजगी बाब.' पण टमाटर आणि बेसन एक झाले. मग आणखी दोघं एक झाले. नवरीचा नवरा झाला. जुन्या रजिस्टरातल्या जाती दर रविवारी कमी होत होत्या, आणि मॅडम काकीसाहेबांना फोन करून करून विचारत होत्या, या आठवड्यात कोण कोणाची बायको निघाली?

मला या सगळ्या बातम्या फोनवर मिळायच्या. मी हसायची आणि मग रविवारभर मला काही सुचायचं नाही. जयेंद्रगंजच्या गॅलरीखाली हॉर्न वाजत नव्हता. आई सुद्धा दोनदा खाली डोकावून आली.

गणपती झाल्यावर काकीसाहेबच म्हणाल्या, "एक अर्ज टाक. तोंडी सांगितलेलं ह्यांना समजत नाही."

मी टाइप केला. विषय: साक्षीदार म्हणून पुन्हा घेण्याबाबत. सगळं खरं लिहिलं, गोखरूसकट. काकासाहेबांनी दुकानात उभ्याने वाचला, शुद्धलेखनाची एक चूक दुरुस्त केली आणि कोपऱ्यात लिहिलं, 'परीक्षेवर.' खाली तारीख.

परीक्षा त्याच खदानीवर. आता आम्ही तिघं होतो. काकासाहेबांनी त्या दिवशी जुनी खाकी टोपी घातली होती. त्यांनी आम्हाला काठावर उभं केलं आणि सांगितलं, कोणीही हलायचं नाही, बोलायचं नाही. आणि मग साक्ष म्हणजे काय, यावर ते स्वतः बोलायला लागले. ते पाऊण तास बोलले. पाण्यावर बाराती घिरट्या घालत होते, काकीसाहेब शेंगदाणे सोलत होत्या, आणि मी या वेळी सगळीकडे बघत होते: झुडपात, दगडावर, पाण्यावर, कुठेही.

आणि ती दिसली. सगळीच्या सगळी पांढरी, दोऱ्याच्या तुकड्यासारखी. ती झुडपातून धडपडत वर आली आणि काकासाहेबांच्या टोपीवर, बरोबर कपाळाच्या वर बसली.

"काकासाहेब," मी म्हटलं, "हलू नका. तुमच्या टोपीवर आहे."

वाक्याच्या मध्येच ते थांबले. डोळे वर फिरवले, पण टोपीच्या पुढच्या काठापलीकडे त्यांना काही दिसणार नव्हतं. ज्या टाचणीसाठी त्यांनी दोन वर्षं पुसून टाकली होती, ती त्यांच्या डोक्यावर होती, आणि तिला बघू शकणार होते सगळे, फक्त ते सोडून.

"खरंच?" त्यांनी विचारलं.

"आहे," काकीसाहेब म्हणाल्या.

पण ते माझ्याकडेच बघत होते. बराच वेळ. मग ओठ न हलवता त्यांनी सांगायला सुरुवात केली. "लिही. रंग?"

"पांढरा."

"पंख?"

"मिटलेले."

"पाय?"

मी वाकले, डोळे बारीक केले, आणखी जवळ गेले. "पाय दिसत नाहीत, काकासाहेब. शिवणीच्या आड आहेत."



"लिही," ते म्हणाले. "साक्षीदारास पाय दिसले नाहीत." आणि मग, हळूच, "सावकाश लिही, बेटा. घाई नाही."

मी लिहिलं. मग आम्ही तसेच उभे राहिलो. बोललं तर ती उडेल, म्हणून काकासाहेब गप्प होते. पाच मिनिटं झाली, दहा झाली. खदानीत कमालीची शांतता होती. काकीसाहेब दगडावर बसल्या, थर्मासमधून चहा ओतला, पाय लांब केले आणि डोळे मिटून घोट घोट पिऊ लागल्या. इतक्या निवांत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मग टाचणी उडाली.

माझ्या नजरेवरून काकासाहेबांना अंदाज आला असावा. ओठ जेमतेम हलवून त्यांनी विचारलं, "गेली का?"

मी काकीसाहेबांकडे पाहिलं. त्या कप हातात धरून मला जोरजोरात मानेने नाही, नाही अशी खूण करत होत्या.

"गेली, काकासाहेब," मी म्हणाले.

काकासाहेबांनी मोठा श्वास घेतला आणि मघाचं वाक्य जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू केलं. काकीसाहेबांनी थर्मासचं झाकण फिरवून फिरवून घट्ट लावलं.

"आणखी पाच मिनिटं बसली आहे म्हणाली असतीस," त्या मला म्हणाल्या, "तर तुझं काय जात होतं?"